रीलमधलं डार्क अकॅडेमिया ठाण्याच्या घामात कसं टिकवायचं?

प्रश्न : मी घणसोलीला राहते, कॉलेज ठाण्याला, एसवायला आहे. इन्स्टावरचं माझं सेव्हचं फोल्डर डार्क अकॅडेमिया (जुन्या कॉलेज-वाचनालयांच्या थाटाचे कपडे) आणि ओल्ड मनी (पिढीजात श्रीमंतांचा बिनभपक्याचा थाट) यांनी भरलंय. ऑनलाइन चौकड्यांचा ब्लेझर मागवला, एकदाच घातला, ठाणे स्टेशनला उतरेपर्यंत घामाने निथळत होते. माझी मैत्रीण कॉटेजकोअरवाली (सैल, फुलाफुलांचे सुती कपडे), तिचं सगळं छान जमून येतं. आई म्हणते, दर महिन्याला नवं खूळ. दिवाळीपर्यंत चार हजार रुपये साठतील. एकच एस्थेटिक, म्हणजे एकच थाट, पकडून त्याचेच कपडे घ्यावेत का? आणि हे आपल्या हवेत जमतं तरी का?

उत्तर :

जमतं. रीलमधून कपड्याचा आकार उचलायचा, कापड आपल्या हवेप्रमाणे घ्यायचं आणि पैशांतला चांगला मोठा हिस्सा शिलाई-फिटिंगला ठेवायचा. तू नेमकं उलट केलंस : कापड रीलमधल्यासारखं दिसणारं, आकार कंपनीने पाठवला तो, आणि फिटिंगला शून्य रुपये. मी नौपाड्यात बायकांचे कपडे शिवते. पूर्वी माझ्या टेबलावर ब्लाउजच्या गळ्यांची पुस्तकं असायची, आता गिऱ्हाईक बसायच्या आधीच मोबाइल पुढे करतं. त्यामुळे ही कोअरबिअर सगळी नावं मला पोरींनीच शिकवली आहेत.

आधी त्या ब्लेझरचं बघू. आतल्या शिवणीत पांढरी पट्टी असेल, ती वाच. बहुतेक बाहेरचं कापडही पॉलिएस्टर आणि अस्तरही पॉलिएस्टर निघेल. समोरच्या पल्ल्यात कॉलरपासून खालपर्यंत आतून चिकटवलेलं बकरम (ताठपणासाठीचं कापड) असतं, तेही कृत्रिम. म्हणजे अंगावर तीन थर प्लॅस्टिक. प्रयोगशाळेत धाग्याची ओलावा धरण्याची ताकद 65 टक्के आर्द्रतेत मोजतात. त्या मोजणीत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतो, लिनन 12च्या आसपास, व्हिस्कोस 11 ते 13, आणि पॉलिएस्टर 0.4. आपल्याकडे ऑक्टोबरात आर्द्रता याहून जास्तच असते. घाम कापडात शिरत नाही, उडतही नाही, अंगावरच ओघळतो. घणसोली ते ठाणे हा प्रवास फार लांबचा नाही, पण गर्दीच्या डब्यात तेवढा पुरतो.

तो ब्लेझर टाकून देऊ नकोस. बाह्या उसवून काढ, खांद्यातले पॅड काढ (बाह्या गेल्यावर पॅड ठेवले तर खांदे पंखांसारखे वर दिसतात), पाठीचं अस्तर काढून टाक आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या घेराला, सुती कापडाची तिरकी पट्टी लावून घे. एक गोष्ट टेलरला आठवणीने सांग : ब्लेझरचा मुंढा मोठा असतो, नुसत्या बाह्या काढल्या तर बगलेतून आतला शर्ट फुगून बाहेर येतो. बाजूच्या आणि खांद्याच्या शिवणीत थोडं थोडं आत घ्यावंच लागतं. हे झालं की तुझ्याकडे एक चौकड्यांचं जाकीट तयार, आणि डार्क अकॅडेमियाचं निम्मं काम तिथेच झालं.

निम्मं का म्हणते ते सांगते. हा प्रकार टम्बलरवर 2010च्या दशकाच्या मध्यापासून हळूहळू चालला होता, 2020च्या लॉकडाऊनमध्ये टिकटॉकवर फोफावला. कॉलेजं बंद, पोरं घरात, म्हणून जुन्या वाचनालयांचं, दगडी इमारतींचं, वह्या-शाईचं स्वप्न. आपल्याकडे टिकटॉकवर 29 जून 2020ला बंदी आली, त्याच जुलैत रील्स सुरू झालं, त्यामुळे आपल्यापर्यंत ते इन्स्टा आणि पिंटरेस्टवरून आलं. त्या चित्रांतले कपडे म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांतल्या पोरांचे : ट्वीडचा कोट, लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, प्लीटचा स्कर्ट, ऑक्सफर्ड बूट. ट्वीड हे मुळात स्कॉटलंडच्या थंड, ओल्या वाऱ्यासाठी विणलेलं जाड लोकरी कापड. हॅरिस ट्वीडला तर 1993चा स्वतंत्र कायदाच आहे, की ते तिथल्या आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकरांच्या घरीच हाताने विणलं गेलं पाहिजे. त्या बेटांवर ते शहाणपणाचं कापड आहे. ठाण्याच्या तलावपाळीला नाही.

मग उरतं काय? आकार आणि रंग. तुझ्या फोल्डरमधले आवडते दहाएक फोटो घे आणि फोनमध्येच काळे-पांढरे कर. मग चेहरा, मागचं कपाट, दिव्याचा पिवळा उजेड यांवर बोट ठेवून झाक. (तो पिवळा उजेड फार फसवतो. आपल्या घरातल्या पांढऱ्याफटक एलईडीखाली तोच तपकिरी रंग शेणासारखा दिसतो, आणि पोरी दोष माझ्या शिवणकामाला देतात.) आता काय दिसतं ते लिहून काढ : कॉलर आहे का, कंबर कुठे पडते, स्कर्ट गुडघ्याच्या वर की खाली, पँट सरळ की खाली निमुळती, वरचा कपडा आखूड की लांब. तुझ्या दहा फोटोंत बहुधा तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतील. तेवढ्याच आपण शिवायच्या.

माझा अंदाज, त्या तीन म्हणजे कॉलरचा शर्ट, जाकीट, आणि प्लीटचा स्कर्ट किंवा उंच कमरेची सरळ पँट.

शर्ट सुती घे, पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक, बाह्या कोपरापर्यंत. पूर्ण बाही दुमडून वर केली की कोपराजवळ कापडाचे चार थर होतात आणि तिथेच घाम साचतो. रंग पांढरा किंवा मळखाऊ गडद. राखाडी आणि फिकट निळा चुकूनही नको. घामाचा डाग सगळ्यात ठळक याच दोन रंगांवर उठतो. चौकडा आणि बारीक रेघ डाग लपवतात.

जाकिटावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या हवेत थर चढवल्यासारखं दिसायचं असेल तर जाकिटासारखी सोय नाही. बगल मोकळी राहते, छाती-पोटावर आकार येतो. तुझ्या मापाला 58 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड एक मीटर पुरतं. कॉटन ट्विल घे किंवा जाडसर खादी घे, बॉटल ग्रीन, कॉफी, मरून असल्या रंगात. अस्तर फक्त समोरच्या पल्ल्यांना, तेही मलमलीचं. पाठ बिनअस्तराची, आतल्या शिवणींना पायपिंग. पाठीमागे कमरेला छोटा पट्टा आणि बक्कल लावून घे, म्हणजे वजन दोन-चार किलो वर-खाली झालं तरी जाकीट बसतं.

आणि खण. खणाचं जाकीट कर असं मी सध्या दिसेल त्या पोरीला सांगते. गुळेदगुड्डचा खण, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात विणतात, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चोळीला वापरला. गडद जमीन, त्यावर बारीक विणलेली नक्षी, काठ. तो मरून किंवा गडद जांभळा खण पांढऱ्या कॉलरच्या शर्टवर घालून बघ, इंग्लंडमधल्या कुठल्या वाचनालयाची गरज पडणार नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळ. एक, हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद असतो, त्यामुळे कापड घ्यायच्या आधी टेलरला विचार आणि काठ कुठे आणायचा ते आधी ठरव. माझ्या मते काठ समोर बटणांच्या पट्टीशी उभा आणावा, खाली आडवा आणला की पोट उगाच दिसतं. दोन, बाजारात खण म्हणून जे विकतात त्यातलं बरंच कापड यंत्रमागावरचं आणि कृत्रिम धाग्याचं असतं. ते दिसायला झकास, पण तुझा ब्लेझरच पुन्हा अंगावर.

धागा ओळखायचा उपाय सोपा आहे. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे ओढून घे, चिमट्यात धरून सिंकवर पेटव. सुती किंवा लिनन असेल तर जळत्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मिश्रण असेल तर दोन्हींचं थोडं थोडं. स्वयंपाकघरात आईला विचारूनच कर, नाहीतर खुळात आणखी भर.

आता प्लीटचा स्कर्ट. इथे मात्र मी पॉलिएस्टरच्या बाजूने. सुती कापडावर कितीही कडक इस्त्रीने प्लीट घाल, पहिल्या धुण्यात उतरते. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होतं आणि थंड झाल्यावर ती घडी धरून ठेवतं, म्हणून कायमची प्लीट त्यातच टिकते. उत्तम मधला मार्ग म्हणजे टेरिकॉट, पॉलिएस्टर आणि सुती धाग्याचं मिश्रण. आणि चौकड्याचं टेरिकॉट कुठे मिळतं? शाळेच्या युनिफॉर्मच्या दुकानात. गडद निळं-हिरवं, मरून-राखाडी, पाहिजे तो चौकडा, तोही आठवड्याला सहा दिवस मळून, धुऊन टिकलेला. दहावी होईपर्यंत ज्या पिनाफोरला शिव्या घातल्या, तोच आता डार्क अकॅडेमिया म्हणून हौसेने शिवायचा, गंमत आहे. हिशोब लक्षात ठेव : पूर्ण प्लीटला कमरेच्या तिप्पट कापड लागतं. 28 इंच कंबर म्हणजे 84 इंच घेर, अधिक शिवणीची मार्जिन. 58 पन्ह्यातून उंचीच्या दोन तुकड्यांत भागतं. चौकडा मोठा असेल तर जोडावर रेघ जुळवायला पाव मीटर जास्त घे. आणि कमरेखाली चार बोटं प्लीटवर टीप मारून घे, म्हणजे बसल्यावर फुगा येत नाही.

ओल्ड मनीचं वेगळं आहे. 2023मध्ये क्वाएट लक्झरी म्हणून त्याचा फार बोलबाला झाला. लोगो नाही, भपका नाही, बेज, पांढरा, नेव्ही, लिनन, लोफर. याला मी थोडी हसते. पिढीजात श्रीमंती कपड्यांवरून कळावी म्हणून खटपट करायची आणि ती खटपट दिसूही द्यायची नाही, हे आमच्या नौपाड्यातल्या पेन्शनर आजोबांना बिनपैशांत जमलंय : स्वच्छ पांढरा सदरा, कडक इस्त्री, जुनं पण पॉलिश केलेलं पायताण. त्यात शिवणकाम म्हणून शिकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. कारण लोगो आणि नक्षी काढून टाकली की कपड्याचा दोष लपवायला काही उरत नाही. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर पडली पाहिजे, बोटभर खाली नाही. पँटची सीट बसल्यावर ओढली जाता कामा नये. बाहीची किनार दोन्ही हातांना एकाच उंचीवर. बेज रंगाच्या साध्या पँटचा सगळा रुबाब या तीन ठिकाणी असतो. म्हणून ओल्ड मनीत पैसे कापडावर घालण्यापेक्षा आहे त्या पँट-शर्टच्या आल्टरेशनवर घाल, आणि इस्त्रीवाल्याशी ओळख वाढव.

लिनन चुरगळतं, ते चुरगळणारच. घ्यायचं तर खरं घे. ‘लिनन लुक’ असं लिहिलं असेल तर पट्टी वाच, बहुतेक व्हिस्कोस नाहीतर पॉलिएस्टर निघतं. त्यातलं व्हिस्कोस वाईट नाही, घामाला चालतं, फक्त ओलं झालं की कमजोर पडतं, पिळू नकोस. माझी शिफारस मात्र सीरसकर नावाच्या सुती कापडाची. त्यात एक रेघ सपाट, एक रेघ सुरकुतलेली विणलेली असते. त्या सुरकुत्यांमुळे कापड अंगाला चिकटत नाही आणि इस्त्रीही लागत नाही. दुसरं मद्रास चेक्स. ओल्ड मनीची जी अमेरिकन कॉलेजातली छबी आहे, तिथल्या आयव्ही लीगच्या (जुन्या नामांकित विद्यापीठांच्या) पोरांनी 1950-60च्या दशकांत उन्हाळ्यात अंगावर चढवलं ते आपल्या चेन्नईकडचं हातमागाचं चौकड्याचं सुती कापडच. धुतलं की रंग उतरायचा अशी लोकांची तक्रार होती, तर तिथल्या कंपन्यांनी ‘रंग जाणार याची हमी’ अशी उलट जाहिरात करून ते खपवलं. ते कापड आपल्याकडे कटपीसवाल्याकडे लुंगीच्या कापडाशेजारी पडलेलं असतं. रंग पक्का आहे का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघ, आपल्याला त्या जाहिरातीची हौस नाही.

तुझ्या मैत्रिणीचं जमून येतं, कारण कॉटेजकोअर आपल्या हवेशी भांडत नाही. सैल, सुती, फुलाफुलांचं, फुग्याच्या बाह्यांचं. आपल्या आज्यांच्या चिटाच्या परकर-पोलक्याचीच बहीण. ती फुलंसुद्धा आपलीच. कोरोमंडल किनाऱ्यावरून जाणाऱ्या छापील सुती कापडाने युरोपला इतकं वेड लावलं की फ्रान्सने 1686मध्ये त्यावर बंदी घातली, इंग्लंडने 1700मध्ये आयात रोखली आणि 1721मध्ये असलं कापड घालण्या-वापरण्यावरच कायदा केला, तिथल्या लोकर आणि रेशीमवाल्यांचा धंदा बसायला लागला म्हणून. तुलाही ते शिवायचं असेल तर एवढंच : फुग्याच्या बाहीला रीलमध्ये कडक ऑर्गंझा घालतात, ती लोकलमध्ये पहिल्या पाच मिनिटांत चेपते आणि टोचते. सुती कापडात फुगा वर खांद्याशी कमी आणि खाली कोपराशी जास्त ठेव. डब्यात जागाही कमी लागते.

बाकीच्यांचं थोडक्यात. वायटूके म्हणजे 2000च्या सुमाराची बॅगी जीन्स, कार्गो, आखूड टी-शर्ट. बॅगी जीन्स हवेला चांगली, आणि जीन्स शिवायचं मोठं ठाणं आपल्या शेजारी उल्हासनगरलाच आहे. पण पावसाळ्यात नको. जमिनीला टेकणारी मोहरी (पायाची खालची कड) पाणी शोषते आणि ते पाणी चढत गुडघ्यापर्यंत येतं, जाड डेनिम वाळायला दोन दिवस घेतं. जूनपासून घोट्याच्या वर चार बोटं दुमडून तात्पुरता टाका मार, ऑक्टोबरात सोड. कोकेट म्हणजे रिबिनी आणि लेस. त्याला कपडे घेऊच नकोस, बाजारात मीटरवर सॅटिनची रिबीन मिळते, आहे त्या शर्टाला लाव, कंटाळा आला की सोडव. 2024च्या जानेवारीत मॉब वाइफ नावाचा फरकोटाचा प्रकार आला होता. आपल्याकडे त्याबद्दल बोलायची गरज नाही.

आता तुझा मूळ प्रश्न, एकच पकडावं का. माझं स्पष्ट मत, नाही. ही नावं मुळात शोधायच्या सोयीसाठी आहेत. तुला आवडलेला फोटो तुझ्यासारख्याच दुसऱ्या मुलीला दाखवायचा तर इन्स्टाच्या यंत्राला एक लेबल लागतं, विकणाऱ्यालाही लागतं. 2019मध्ये व्हीएस्सीओ गर्ल होती, 2020मध्ये कॉटेजकोअर, 2022मध्ये बॅलेकोअर, 2023मध्ये बार्बीकोअर. यातली पहिली आता कुणाला आठवतही नाही. नाव गेलं की त्या नावाने घेतलेला कपडाही जुना वाटायला लागतो, कापड अजून धड असताना. नावावरून घेतलेला कपडा माझ्याकडे वर्षाच्या आत ‘काकू, याचं काही करता येईल का’ म्हणून परत येतो, हे मी नेहमी बघते. मापावरून घेतलेला सहसा येत नाही, आला तर चेन बदलायला.

त्याऐवजी स्वतःची मापं पकड. तुला कॉलर शोभते की मोकळा गळा, कंबर उंच की नेहमीच्या जागी, स्कर्टची कुठली उंची चालताना बरी वाटते. एवढं कळलं की तेच जाकीट तू प्लीटच्या स्कर्टवर घालून डार्क अकॅडेमिया करशील, पांढऱ्या पँटवर ओल्ड मनी आणि जीन्सवर काहीच नाही, नुसतं जाकीट.

आईला मी एवढंच सांगेन की हे काही तुमच्या लेकीने शोधलेलं खूळ नाही. नटी साधनासारखा केसांचा साधना कट याच गावात केलेला आहे, बेलबॉटमही. आणि ठाण्याच्या पोरांना नटून एकमेकांना बघायला इन्स्टाने शिकवलं असं म्हणणाऱ्याने नरकचतुर्दशीला सकाळी राम मारुती रोडवर येऊन बघावं. रील्स नव्हती तेव्हापासून दिवाळी पहाटेला तिथे आणि तलावपाळीला अख्ख्या शहराची तरुण पोरं नवे कपडे घालून जमतात, पाय ठेवायला जागा नसते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, गॉगल आणि बुलेट हे तर आपलं स्वतःचं एस्थेटिक, त्याला कुणी इंग्रजी नाव दिलं नाही इतकंच. फरक एकच, तिथे सकाळभर चालावं लागतं, त्यामुळे न जमणारा कपडा तिथल्या तिथे उघडा पडतो. रीलमध्ये पंधरा सेकंद निभावलं की झालं.

चार हजारांचं असं कर. नवीन दोनच वस्तू : खणाचं किंवा ट्विलचं जाकीट आणि टेरिकॉटचा प्लीट स्कर्ट. कापड आणि शिलाई दोन्ही यातून. हजारभर रुपये आल्टरेशनला बाजूला ठेव, त्यात तुझा ब्लेझर आणि घरातल्या दोन जुन्या पँट येतील. शर्ट आधीचे असतील, नसतील तर मॉलमधून साधे सुती घे, त्याला शिवून घ्यायची गरज नाही. आणि आईच्या कपाटातलं बोहारणीकडे जाण्याआधी एकदा बघ. जुनी सुती किंवा इरकल साडी म्हणजे साडेपाच मीटर कापड. आधी दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायचं, चर्र आवाज आला की ते विरलं आहे. काठ-पदर सहसा चांगले राहतात, त्यातून जाकिटाचे पल्ले निघतात. आत मलमल दिली की झालं.

वेळेचं बघ. नवरात्रापासून सगळ्या टेलरांकडे घागरे, मग दिवाळीचे ब्लाउज. दिवाळीच्या आधी बहुतेक जण ऑर्डर घेणं बंद करतात. माप द्यायला पितृपक्षात ये, आम्ही मोकळे असतो. त्या पंधरवड्यात नवं कापड आणलेलं आईला चालत नसेल तर श्रावणातच घेऊन ठेव. सुती असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून मगच दे, कापड आटायचं ते शिवायच्या आधी आटू दे. खण मात्र भिजवू नकोस, टेलरला विचार.

टेलरकडे नुसता फोटो घेऊन जाऊ नकोस. फोटोतली मुलगी उभी आहे, तिने मागे चिमटे लावून कपडा ताणलेला असू शकतो, तुला तो घालून गर्दीत बसायचं आहे. तुला बरा बसणारा एक जुना कपडा सोबत ने, त्याच्यावरून माप जास्त नीट कळतं. कुठे सैल हवं आणि कुठे घट्ट ते टेपवर बोट ठेवून सांग. ‘ओव्हरसाइझ’ या एका शब्दावर मी चार इंच सैल ठेवते, दुसरा टेलर आठ ठेवेल. खण महाग पडला असेल तर आधी मांजरपाटावर कच्चं शिवून ट्रायल माग. थोडे पैसे जास्त जातात, पण खण वाया जात नाही. खारघरच्या निफ्ट या फॅशन कॉलेजातल्या मुलीही आधी साध्या सुती कापडावर कापून बघतात आणि मगच भारी कापडाला कात्री लावतात.

ट्रायल दुपारी चारनंतर ठेव, सकाळी उपाशीपोटी नाही. आणि पँट किंवा लांब स्कर्ट असेल तर त्याखाली जे घालणार तेच पायात घालून ये. लोफर असतील तर लोफर, कोल्हापुरी असेल तर कोल्हापुरी. जून 2025मध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, ओरड झाली तेव्हा कुठे मूळ मान्य केलं. आपल्याकडे 2019पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ओल्ड मनीत ती बिनधास्त चालव. फक्त कोल्हापुरी सपाट असते आणि लोफरला टाच असते. अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक पडतो, तेवढ्याने पँटची मोहरी एकतर जमिनीवर लोळते नाहीतर घोट्याच्या वर अडकते, आणि मोहरी एकदा कापली की वाढवता येत नाही.